आजच्यापुरती मेथी

सकाळी घर जागं होण्याआधी परसात या. परस म्हणजे गॅलरीतल्या चार कुंड्या असतील, तरी चालेल. मेथीच्या वाफ्यापाशी बसा. लगेच खुडू नका. श्वास सावकाश आत घ्या, सावकाश सोडा. दिवसभराची कामं मनात गर्दी करतील; करू द्या. नजर एका देठावर ठेवा. तीन पानं, त्यांच्या कडेला बारीक दाते.

आता घरात आज खाणारे कोण कोण आहेत, एकेकाला आठवा. तेवढ्यांपुरतीच मेथी घ्या. मुळासकट उपटू नका. मातीपासून दोन-तीन बोटं सोडून कापा, म्हणजे खालून पुन्हा फुटवे येतात. बाजारात जुडी अख्खी घ्यावी लागते. इथे हात कुठे थांबवायचा, ते आपल्याकडे असतं. त्या थांबण्यापाशी क्षणभर राहा.

पानं पातेलंभर पाण्यात सोडा. माती तळाशी बसू द्या. मग पानंच अलगद वर उचला. पाणी ओतायला गेलात तर बसलेली माती पुन्हा पानांवर येते. नवं पाणी घ्या, पुन्हा धुवा. तळ स्वच्छ दिसेपर्यंत हेच. घाई मनात आली तर तिच्याकडे बघा आणि हात तसेच निवांत चालू ठेवा.

मेथी बारीक चिरा. भाजणीचा डबा उघडून आधी वास घ्या. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे. प्रत्येक धान्य वेगळं भाजून मग एकत्र दळलेलं. ज्यांनी पिकवलं, ज्यांनी भाजलं, त्यांना मनोमन नमस्कार करा. मेथी, कांदा, तिखट, हळद, तीळ, मीठ घालून पीठ भिजवा. पाणी बेतानं घाला, मेथीलाही पाणी सुटतं.

ओल्या फडक्यावर थापा. कुठे जाड, कुठे पातळ, ते बोटांना कळतं. मधोमध एक भोक, भोवती चार. तव्यावर टाका, भोकांत तेल सोडा, झाकण ठेवा. आता फक्त ऐका. आधी चरचर, मग ती मंदावते, आणि खमंग वास सुटतो. उलटायची वेळ झाली.

पहिलं थालीपीठ शाळेत जाणाऱ्याच्या ताटात वाढा. वर लोण्याचा गोळा, बाजूला लिंबाची फोड. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. सगळ्यांचं खाणं होईपर्यंत दुसरं काही हातात घेऊ नका.

गरजेपुरतं घ्यावं आणि मूळ राखावं, हे सांगून मुलांना पटत नाही. वाफ्यापाशी बसून कापताना ते त्यांच्या हातांना कळतं. म्हणून पुढच्या वेळी त्यांनाही सोबत न्या. आणि वाफाच नसेल, तर आज रात्री डब्यातले चमचाभर मेथीदाणे भिजत घाला आणि उद्या कुंडीत पेरा. महिन्याभरात मेथी कापणीला येते.