'ळ' उभा करताना

चि. भाचीस,

तुझं पत्र मिळालं. गावच्या वाचनालयासमोर सहा फुटी 'ळ' उभारायचा तुझा बेत मनापासून आवडला. पण सोबतचं चित्र पाहून काळजी वाटली. संगणकावरचा 'ळ' उचलून तू त्याला सहा इंच जाडी दिली आहेस. ही अक्षराच्या आकाराची पाटी झाली. बाजूने येणाऱ्याला लोखंडाची एक उभी पट्टी तेवढी दिसेल.

फॉन्ट मंगल दिसतो. र. कृ. जोशींसारख्या थोर सुलेखनकाराने तो घडवला, पण पडद्यावर वाचण्यासाठी. तू संगणक बंद कर आणि बोरू घे. तिरक्या कापाच्या बोरूने मोठा 'ळ' सावकाश काढ. डावा गोल फिरवून रेघ मध्यावर येते आणि तिथून उजव्या गोलात वळते. कागदावर दोन्ही गोलांच्या रेघा मध्यावर एकजीव होतात. धातूत मात्र एक पुढून जाणार, दुसरी मागून. कोणती पुढे घ्यायची हे ठरवलंस की शिल्प सुरू झालं. हात ज्या क्रमाने फिरतो, त्या क्रमातच अक्षराची खोली असते. ती शोध, जाडी आपोआप ठरेल.

तू शिल्पकार रॉबर्ट इंडियाना यांच्या 'लव्ह' या शिल्पाचा दाखला दिला आहेस. खरं आहे, तिथे अक्षरांना सरळ जाडीच दिली आहे. पण १९७० सालचं ते पोलादी शिल्प बारा फूट उंच, बारा फूट रुंद आणि तब्बल सहा फूट खोल आहे. चार अक्षरं दोनावर दोन रचल्यामुळे ती एकमेकांना धरून राहतात, तिरका 'ओ'सुद्धा. तुझा 'ळ' एकटा आहे. त्याला जवळचा धडा इराणचे शिल्पकार परवेझ तनावोली यांच्याकडे मिळेल. 'काहीच नाही' या अर्थाचा 'हीच' हा फारसी शब्द ते १९६५ पासून शिल्पात घडवत आले. नस्तालिक या फारसी लेखनशैलीच्या वळणातच त्यांना शरीर सापडलं. त्यांचा 'हीच' खुर्चीला टेकतो, पिंजऱ्यात अडकतो, आणि तरीही वाचता येतो.

आता तोलाचं बघू. रोमन अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात, आपली शिरोरेघेला लटकतात. त्यातून 'ळ'ला काना नाही. 'ग'चा काना खांबासारखा वापरता आला असता. इथे वर शिरोरेघेचं ओझं, मध्ये आखूड मान आणि खाली टेकायला दोन गोल. दोन्ही गोल एकाच पातळीत ठेवलेस तर शिल्प पुढे-मागे डुलेल. डावा गोल पुढे ओढ, उजवा मागे ने. पाया रुंद होईल आणि चालत येणाऱ्याला अक्षर पावलागणिक उलगडत जाईल. शिरोरेघ पत्र्याची, आतून पोकळ ठेव. तरीही पाया आणि बोल्ट इंजिनिअरकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मुलं शिरोरेघेला लोंबकळणार, हे गृहीत धर. कडा गोल घासून घे आणि मुलाचं डोकं अडकेल अशी फट कुठेही ठेवू नकोस.

पाऊस विसरू नकोस. दोन्ही गोलांच्या तळाशी पाणी साचेल. तिथे सर्वांत खालच्या जागी भोक पाड आणि शिरोरेघेच्या माथ्याला किंचित उतार दे. इंडियाना यांनी वापरलेलं कॉर-टेन पोलाद गंजाच्या थरानेच स्वतःला जपतं, म्हणून तुला मोह होईल. पण तो थर पक्का व्हायला पोलाद अधूनमधून कोरडं पडावं लागतं. आपल्या कोकणात खारा वारा आणि चार महिन्यांची ओल असते, तिथे ते पोलाद घेऊ नकोस.

लोहाराकडे जायची घाई करू नकोस. आधी वीतभर उंचीचा 'ळ' मातीत कर. तो खिडकीत ठेव आणि सकाळ-संध्याकाळच्या उन्हात चारी बाजूंनी बघ. मग वाचनालयात येणाऱ्या एखाद्या लहान मुलाला तो बाजूने दाखव. त्याने न सांगता 'ळ' ओळखला तरच पत्रा कापायला दे. नाही ओळखला, तर माती भिजव आणि पुन्हा बस.

तुझा,
मामा