घाई आणि धीर

सॅमनचं पिल्लू उत्तर युरोपातल्या एखाद्या थंड नदीत जन्मतं, काही वर्षं तिथंच काढतं आणि मग समुद्राची वाट धरतं. अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत यायचं, हे ठरलेलं. कधी यायचं, हे मात्र ज्याचं त्याचं. कुणी समुद्रात एकच हिवाळा काढून दोन-तीन किलोंचा होऊन परततो. कुणी तीन हिवाळे थांबतो आणि दहा किलोंच्याही पुढे जातो. पण तेवढा काळ सीलच्या तोंडी आणि कोळ्यांच्या जाळ्यात न सापडता जगायला हवं. वयात येण्याआधीच मेला, तर वंश तिथंच खुंटला.

२०१५ साली युरोपातल्या ५७ ठिकाणच्या अटलांटिक सॅमनची जनुकं तपासली गेली. कोण लवकर वयात येतो आणि कोण उशिरा, या फरकातला सुमारे ३९ टक्के वाटा एकाच जनुकाच्या परिसरात सापडला. त्याचं नाव व्हीजीएलएल३. वय ठरवण्यासारख्या गुंतागुंतीच्या कामात एकाच जनुकाचा एवढा शब्द चालावा, ही दुर्मीळ गोष्ट.

त्याहून मौज पुढेच आहे. आई आणि बाप यांच्याकडून या जनुकाची एकेक प्रत येते. एक प्रत घाईची आणि एक धीराची आली, तर नर घाईकडे झुकतो, मादी धीराकडे. जनुकांची जोडी तीच, पण भावाला एक सल्ला आणि बहिणीला दुसरा! दोघांचंही त्यात हित आहे. मादी जितकी मोठी, तितकी तिची अंडी जास्त. नराचं तसं नाही. समुद्र न पाहिलेला बोटभर नरसुद्धा थोराड जोडप्याच्या मध्ये शिरून काही अंडी फळवून जातो. याला लबाडी म्हणायचं तर म्हणा. नदीत ती पिढ्यान्‌पिढ्या खपली आहे.

तरी ‘सगळं जनुकातच असतं’ असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ३९ टक्के खूप झाले, पण अर्ध्याहून कमीच. अन्न, पाण्याचं तापमान आणि इतर जनुकं यांचाही शब्द असतो. शिवाय जनुकांचं प्रमाणही बदलतं. नॉर्वे आणि फिनलंडच्या सीमेवरच्या तेनो नदीतल्या चाळीस वर्षांच्या नोंदींत नरांमधली धीराची प्रत कमी कमी होत गेलेली दिसते. समुद्रातल्या कॅपेलिन या छोट्या माशाच्या मासेमारीशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. कॅपेलिन हे सॅमनचं खाद्य. म्हणजे सॅमनला हात न लावताही, त्याच्या ताटातलं उचलून आपण त्याची घाई वाढवू शकतो.

आणि हे जनुक माशांपुरतं नाही. माणसाची मुलंमुली केव्हा वयात येतात, याच्याशीही व्हीजीएलएल३चा संबंध आढळला आहे.