शेळीचें दूध आणि कोळ्याचा धागा

कोळ्याचें जाळें आम्ही झाडूनें सहज काढून टाकितों. परंतु ज्या धाग्यावर तो लोंबकळतो, तो वजनास वजन लावून पाहिल्यास पोलादाहूनही बळकट ठरतो. असा धागा पुष्कळ मिळावा म्हणून कोळी पाळावे, तर ते एकमेकांसच खाऊन टाकितात. यास्तव कॅनडा देशांतील क्वेबेक प्रांतीं नेक्सिया नांवाच्या कंपनीनें निराळा मार्ग काढिला. कोळ्याच्या ज्या जनुकामुळें धाग्याचें प्रथिन उत्पन्न होतें, तें शेळीच्या बीजांत घातलें, व इ. स. २००० मध्यें तें जनुक धारण करणारे दोन बोकड जन्मास आले. त्यांच्या वंशांतील शेळ्यांच्या दुधांतून तें प्रथिन वेगळें करावें, त्याचा धागा काढावा, आणि जखमा शिवण्याचे दोरे व गोळी अडविणारे अंगरखे करावे, असा बेत होता.

हें योग्य कीं अयोग्य? कित्येक म्हणतील, शेळीमध्यें कोळी मिसळणें म्हणजे उत्पन्नकर्त्यानें घातलेली मर्यादा मोडणें होय. ही भीति आम्ही हलकी मानीत नाहीं. तथापि मेंढपाळ दाट लोकरीचाच एडका बीजासाठीं राखतो, तेव्हां तोही प्राण्याचा वंश हळूहळू पालटीतच असतो. शिवाय रेशमी वस्त्र नेसणाऱ्यानें स्मरावें कीं, अखंड तंतु मिळावा म्हणून कोशांतील जीव उकळत्या पाण्यानें किंवा वाफेनें मारितात. ती शेळी तर चरते, रवंथ करिते व दूध देते. तेव्हां जुनी रीति तेवढी निर्दोष व नवी तेवढी पापरूप, असें म्हणणें न्यायाचें नव्हे.

मग दोष कोठें संभवतो? आमच्या मतें, जबाबदारी टाळण्यांत. असे प्राणी उत्पन्न करितांना पुष्कळ गर्भ वायां जातात. पुढें ती कंपनीही धंद्यांत टिकली नाहीं. उद्योग बुडाला म्हणजे यंत्रें झांकून ठेवितां येतात. परंतु शेळीस उद्यांही चारा लागतो, आणि सरकारी परवान्यावांचून तिचें दूध वा मांस विकतां येत नाहीं. अमेरिकेंतील यूटा राज्यांत प्राध्यापक रँडी लुईस यांनीं अशा शेळ्या पाळून संशोधन पुढें चालविलें, हें बरें झालें. परंतु प्रत्येक कळपास असा पाळणारा मिळेलच असें नाहीं.

ज्याच्या कष्टावर घर चाललें, त्या बैलास तो थकल्यावरही वैरण घालणें हें शेतकऱ्याचें ऋण आहे. मग ज्यानें आपल्या गरजेसाठीं प्राण्याचा वंशच पालटिला, त्याचें ऋण किती अधिक! यास्तव, वाचकहो, अशा प्रयोगाची वार्ता ऐकल्यावर धागा किती बळकट झाला एवढेंच विचारूं नका. धाग्याची गरज सरल्यावर त्या शेळीस कोण पाळील, हेंही विचारा.