मागे पडलेल्या भावासाठी



सुभक्तीपुढे शरीराच्या कसरतीचे मोल थोडे, असा बोध पौलाने तीमथ्याला केला. पण थोडे म्हणजे व्यर्थ नव्हे.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात, जेम्स नेस्मिथ या ईश्वरविज्ञान शिकलेल्या शिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून १८ तरुणांना एक नवा खेळ दिला. तोच बास्केटबॉल. चेंडू घेऊन धावू नये, कोणाला ढकलू नये, पाडू नये, असे नियम त्याने घातले. बलवानाने आपले बळ आवरावे, हा धडा तेथे शरीरानेच गिरवला.

आपण पुरुष मात्र वर्षानुवर्षे एकाच बाकावर उपासनेला बसतो आणि शेजारच्या भावाची नोकरी गेल्याचे आपल्याला कळतही नाही. एकत्र धावताना कोण मागे पडला ते लगेच दिसते.

तर आठवड्यातून एक सकाळ प्रार्थना करून आपण एकत्र व्यायाम करू या. ज्याला धाप लागेल त्याच्यासाठी पुढच्याने थांबावे, मग त्याच्या घरची विचारपूस करावी. मैदानावर थांबायला शिकलेले पाऊल गरजेच्या वेळी त्याच्या दारीही जाईल. प्रभू आपणांस असे बळ देवो. आमेन.