भीमेची वाळू

वाळूच्या टेकड्या पाहायला लोक जैसलमेरजवळच्या समला जातात. तिथल्या वाळवंटाच्या काही भागाला अभयारण्याचं संरक्षण आहे. नदीच्या वाळूकडे मात्र आपलं लक्ष जात नाही: कलबुर्गी जिल्ह्यात गाणगापूरला, भीमा-अमरजा संगमावर, आपण दत्तदर्शनाला जातो आणि वाळू तुडवून परततो. उन्हाळ्यात ती वाळू हाताने जरा उकरून पाहा. वर चटका बसतो, खाली गार ओल लागते. कणाकणांच्या फटींत नदी पाणी धरून ठेवते, तेच काठच्या विहिरींना पाझरतं. वाळू उपसली की पात्र खोल जातं, विहिरी आटतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. कायदा आहे, राखणारे आपणच. घर बांधायला काढाल, तेव्हा दारात आलेल्या वाळूचा परवाना आधी मागा.