जुगाडाची हद्द

कार्ब्युरेटरच्या गाडीत थ्रॉटलची एक बारीक दांडी असते. तिला स्पिंडल म्हणतात. तिच्यावर नाण्यासारखी गोल चकती बसवलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दांडी फिरते, चकती उघडते आणि इंजिन जास्त हवा-पेट्रोल ओढून घेतं. पाय उचलला की चकती मिटायला हवी. ती मिटवायचं काम एका छोट्या स्प्रिंगचं. गाडी पळवण्यात या स्प्रिंगचा काही वाटा नाही. तुम्ही वेग कमी करायचा ठरवता, तेव्हा ती कामाला येते.

काटेवाडीत माझ्या काकांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. तिची ही स्प्रिंग ढिली पडली आणि नवी कुठे मिळेना. बारामतीत दुकानदार हसले. पुण्यात नाना पेठेत 'जवळपास अशीच' मिळत होती. जुन्या बाजारात अख्खा कार्ब्युरेटर होता, पण त्यातली स्प्रिंगही तितकीच म्हातारी. शेवटी गावातल्या गॅरेजवाल्यांनी तोडगा सांगितला : सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बांधा. काका म्हणाले, "चालतंय की रं. ट्रॅक्टरला मी दोन वर्सं तसंच चालवलंय."

या 'चालतंय की'वर जरा थांबायला हवं.

जुगाडाला नावं ठेवायचा माझा विचार नाही. या गाडीचं मूळ तसं आपल्याच भागाशी जोडलेलं. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली; तीच पुढे पद्मिनी झाली. उत्पादन थांबून आता दोन दशकं उलटली. मुंबईत हजारो टॅक्स्या धावत होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपली आणि शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली. बनवणाऱ्याने हात काढून घेतला की वस्तू जगवायची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. अशा वेळी केलेला जुगाड म्हणजे वस्तूशी राखलेलं इमानच.

२०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तेव्हा म्हणूनच बरं वाटलं. माझी वस्तू, मी उघडीन, मी दुरुस्त करीन. पण या वादात दोनच पक्ष दिसतात, कंपनी आणि मालक. रस्त्यावर तिसराही असतो.

बारामती-इंदापूर रस्ता बघा. उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर. कडेने सायकलवर शाळेला निघालेली पोरं. आषाढीला तुकोबांची पालखी याच वाटेने जाते, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. या कुणालाच ट्यूबच्या पट्टीविषयी कुणी विचारलेलं नाही. उन्हाने रबर चिरलं, पट्टी तुटली, चकती उघडीच राहिली, तर गाडी पाय उचलल्यावरही ओढत राहणार. पट्टी बांधली कुणी आणि भोगणार कोण?

म्हणून 'जुगाड चालतो का' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. जुगाड हा चालतोच, म्हणून तर आपण तो करतो. विचारायचं ते हे, की तुटला तर कुणावर तुटतो? दाराची काच दोरीने बांधा, सीटखाली गोणपाट घाला. त्रास झाला तर तुम्हालाच. ब्रेक, स्टिअरिंग आणि थ्रॉटलची स्प्रिंग या रांगेत बसत नाहीत.

मग ओरिजिनलचाच हट्ट धरायचा का? तोही नको. चाळीस वर्षं डब्यात पडलेल्या स्प्रिंगवर कंपनीचं नाव असेल, पण तिला गंज चढला असेल तर नाव काय कामाचं? आणि 'जवळपास अशीच' तर जास्तच फसवी. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १.२ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटर तार घेतली, तर डोळ्याला फरक कळणारही नाही, पण जोर निम्म्याहून कमी होतो. उलट तार जाड झाली तर पेडल जड होतं आणि दांडीची भोकं लवकर झिजतात. तेव्हा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, त्यांची संख्या मोजायची आणि स्प्रिंग बनवणाऱ्याकडून तशी करून घ्यायची. जुगाड आणि दुरुस्ती यांच्यात मला तरी हा मोजण्याचाच फरक दिसतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्प्रिंगा दोन हव्यात. अमेरिकेत १९७३ पासून तसा नियमच आहे : थ्रॉटल परत आणायला किमान दोन स्वतंत्र जोर हवेत, म्हणजे एक तुटला तरी दुसऱ्याने काम भागेल. या नियमात एक शहाणपण आहे. वस्तू कधीतरी तुटणार हे तो आधीच धरून चालतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले पैसे पाठवण्याची सोय लिहितो तेव्हा हेच करतो. मध्येच नेट गेलं तर पैसे पूर्ण पोचावेत, नाहीतर पूर्ण परत यावेत. मध्ये लटकू नयेत.

यावर एक आक्षेप खरा आहे. इतकं सगळं गरिबाला परवडतं का? रोजच्या कमाईवर टेम्पो चालवणाऱ्याला स्प्रिंगसाठी दोन दिवस गाडी उभी ठेवा म्हणणं सोपं नाही. त्याची अडचण मला नाकारता येत नाही. पण रस्त्याच्या कडेने पायी चालणारा बहुधा त्याच्याहूनही गरीब असतो, आणि त्याच्या बाजूने या हिशेबात कुणी बोलत नाही.

दोन स्प्रिंगा बसवल्यावर इंजिन बंद ठेवून एक काढून बघायची. पेडल दाबून सोडायचं. उरलेल्या एकीने चकती पूर्ण मिटली, तर ती परत लावायची, दुसरी काढायची आणि पुन्हा तेच करायचं. पाच मिनिटांचं काम आहे. काकांना हे पटायला मात्र दोन रविवार लागले.