साठला येणारी थरथर

पन्नासपर्यंत गाडी शांत असते. पंचावन्नला सीटखालून गुणगुण सुरू होते, साठला ती पाठीत उतरते, आरशातलं मागचं जग पुसट होतं आणि सत्तर ओलांडली की सगळं पुन्हा निवतं. बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली, दोन टायर नवे आले. एका मेस्त्रींनी इंजिनाची माउंटिंग बदलली, दुसऱ्यांनी प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले. थरथर जिथल्या तिथे. जुनी मारुती व्हॅन ज्यांच्या दारात अजून उभी आहे, त्यांना हे नवं नाही.

आज काहीच बदलायचं नाही. पाने पेटीतच राहू द्या. निवांत बसा आणि अंगाला जे जाणवतं त्याकडे थोडा वेळ नुसतं लक्ष द्या. अंदाजाने एकेक भाग बदलत जाणं हा या दुखण्यावरचा सगळ्यात महाग उपाय आहे. पैसे जातात ते जातातच, शिवाय प्रत्येक बदलानंतर गाडीची साक्ष थोडी बदलते आणि ती आधी काय सांगत होती ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आधी गाडी मनातल्या मनात खालून पाहा. १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली, पुढे ‘ओमनी’ झालेली आणि २०१९ पर्यंत बनत राहिलेली ही गाडी पोटातून फार सरळ आहे. पुढच्या सीटखाली ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. त्याच्या मागे गिअरबॉक्स. तिथून पत्र्याखालून मागे जाणारा शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस. मग डिफरन्शिअल, आणि त्याला पोटात घेऊन पाट्यांना बांधलेला मागचा अ‍ॅक्सल. खड्डा आला की अ‍ॅक्सल वरखाली होतो, गिअरबॉक्स मात्र आपली जागा सोडत नाही. या दोघांचं मन राखत शाफ्टला फिरायचं असतं. हे चित्र एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे, सावकाश फिरवून घ्या.

आता मनातला काटा साठवर ठेवा. १२ इंची रिमवरचा तो छोटा टायर एका फेऱ्यात साधारण १.७ मीटर पुढे जातो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला सुमारे १० फेरे. शाफ्ट जवळपास पाच वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं, म्हणून शाफ्टचे झाले ५०. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे इंजिनही सेकंदाला ५०, मिनिटाला ३,०००.

हे आकडे मनात स्थिर होऊ द्या. गाडीत एकाच वेळी अनेक लयी चालू आहेत: चाकाची ठाय लय, शाफ्टची तिच्या पाचपट, आणि शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा घडणारं काही असेल तर त्याचीही दुगुन. तुमची थरथर यांपैकी कुणाबरोबर चालली आहे?

उत्तर अंगालाच विचारा. दहाचा झटका जवळजवळ मोजता येतो. सीट हलते, स्टिअरिंग डोलतं, बाटलीतलं पाणी हिंदकळतं. तो चाकाचा, टायरचा किंवा ब्रेक ड्रमचा. पन्नासचा मोजता येत नाही, त्याने तळव्यांना मुंग्या येतात. शंभरचा अंगापेक्षा कानाला जास्त कळतो, मागचा पत्रा घुमतो. पाठीत उतरणारी बारीक गुणगुण असेल तर बॅलन्सिंगच्या दुकानात तिचं उत्तर मिळणार नव्हतंच. तिथे दहाच्या लयीवर काम होतं.

सत्तरनंतर ती का निवते, हेही मनात असू द्या. पत्रा, सीट, रबरावर टांगलेलं इंजिन, प्रत्येकाची स्वतःची एक लय असते. फिरणाऱ्या भागाची लय तिच्याशी जुळते त्या वेगाला थरथर मोठी होते, पुढे गेल्यावर कमी होते. थरथर कमी झाली म्हणजे तिचं कारण गेलं असं नव्हे. ते सत्तरलाही फिरतंच आहे.

मग रस्ता. पहाटेचा, रिकामा, सपाट आणि ओळखीचा. शेजारी वहीत नोंद करणारं कुणीतरी हवं. आधी चौथ्या गिअरमध्ये साठ, मग तिसऱ्यामध्ये साठ. तिसऱ्यात इंजिन जास्त फिरेल, शाफ्ट तेवढाच फिरेल. थरथर साठलाच राहिली तर इंजिनाचा संबंध जवळपास संपला. गिअर बदलल्यावर ती खालच्या वेगाला सरकली तर ती इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेली आहे, आणि मग शोध क्लच प्लेट, फ्लायव्हील, माउंटिंग यांच्याकडे वळवायचा.

त्यानंतर न्यूट्रल. इंजिन चालूच ठेवायचं, किल्लीला हात लावायचा नाही. सत्तरवरून गाडी न्यूट्रलमध्ये सोडा आणि काटा साठवरून खाली येताना लक्ष द्या. थरथर तशीच राहिली तर चाकं, अ‍ॅक्सल किंवा शाफ्टचा तोल पाहायचा. ती गेली, तर बहुतेक जण लगेच इंजिनाकडे बोट दाखवतात.

इथे थांबा. माझ्या मते हट्टी थरथर निसटते ती याच जागी.

न्यूट्रलमध्ये इंजिनाचा जोर जातो, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना अ‍ॅक्सल पाट्यांवर पिळला जातो आणि डिफरन्शिअलचं नाक वर उचललं जातं. पाय काढला, गाडी इंजिनावर रोखली गेली, की तेच नाक खाली झुकतं. न्यूट्रलमध्ये ते मधल्या जागी येऊन बसतं. नाक हललं की मागच्या क्रॉसचा कोनही बदलतो. म्हणजे न्यूट्रलला थरथर गेल्याने इंजिन दोषी ठरत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरची नोंद आधी केली होती ती याचसाठी.

आता गाडीखाली जा. नुसत्या जॅकवर कधीच नाही. घट्ट जमिनीवर, अ‍ॅक्सलखाली स्टँड लावून, पुढच्या चाकांना अडण्या देऊन, इंजिन बंद करून. अंधाराला डोळे सरावू द्या. शाफ्टवर हलका हात फिरवा. कुठे पोचा आहे का? नळीवर वेल्ड केलेलं तोलाचं छोटं पत्र्याचं वजन होतं आणि ते निघून गेलंय, अशी खूण दिसते का? पावसाळ्याआधी गाडीला खालून काळं कोटिंग मारताना त्याचा थर शाफ्टवर बसलाय का? हे क्षुल्लक वाटतं, म्हणून हिशोब करून पाहू. मध्यापासून साडेतीन सेंटीमीटरवर १० ग्रॅम जादा वजन असेल, तर सेकंदाला ५० फेऱ्यांना ते सुमारे साडेतीन किलोच्या जोराने शाफ्टला बाहेर ओढतं, तेही दर फेऱ्याला नव्या दिशेने. वेग दुप्पट झाला तर हा ओढा चौपट होतो. कोटिंग खरवडून काढायला काही लागत नाही, पण ते करणारं मला फारसं कुणी भेटलेलं नाही.

शाफ्ट उतरवायचा असेल तर आधी दोन्ही फ्लँजवर रंगाची एकच रेघ ओढा, म्हणजे तो होता तसाच परत बसेल. मग क्रॉस हातात घेऊन सावकाश वाकवा. चांगला क्रॉस सगळीकडे सारख्या, किंचित जड मऊपणाने फिरतो. खराब क्रॉस नेमका मधल्या जागी अडतो, जणू तिथे खाच आहे. आणि खाच खरंच असते. बेरिंगच्या सुया वर्षानुवर्षं एकाच कोनात दाबल्या गेल्याने क्रॉसच्या दांड्यावर आपल्या समांतर रेघा कोरतात. नखाने त्या लागतात. टोपीच्या कडेला विटकरी भुकटी दिसली तर आतलं ग्रीस कधीच संपलेलं आहे.

पण आपल्या गाडीचे क्रॉस नवे आहेत, मऊ फिरतात. शाफ्ट सरळ आहे. कुठलाही भाग उचला, तो निर्दोष. मग थरथर येते कुठून?

या प्रश्नापाशी जरा जास्त वेळ बसा. क्रॉसच्या जोडाचा एक जन्मजात स्वभाव आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला. हा जोड कोनात फिरला की मागून एकसारखा वेग आला तरी पुढे एकसारखा जात नाही. एका फेऱ्यात दोनदा तो थोडा पुढे धावतो, दोनदा थोडा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना दीड टक्क्याचा. म्हणूनच शाफ्टला दोन क्रॉस असतात: पहिल्याने घातलेली चूक दुसरा तितकीच उलट घालून पुसतो. त्यासाठी दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन टोकांचे कान एका रेषेत हवेत, आणि दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत. म्हणजे गिअरबॉक्सची आणि डिफरन्शिअलच्या नाकाची दिशा परस्परांना समांतर. या अटी मोडल्या की दोन चांगले क्रॉस मिळून एक थरथर तयार करतात. ती दुगुनीत असते. भाग बदलून ती जात नाही, कारण ती कुठल्याच एका भागात नाही.

म्हणून आता भागांकडे पाहणं सोडा, त्यांच्यामधल्या नात्याकडे पाहा. शाफ्ट कधी लेथवर कापून पुन्हा वेल्ड झालाय का? झाला असेल तर दोन्ही कान सपाट फरशीवर ठेवून जुळतात का पाहा. गिअरबॉक्सचं रबर बसून त्याची शेपटी खाली आली आहे का? पाट्यांचे यू-बोल्ट ढिले आहेत का? वर्षानुवर्षं शाळेची मुलं आणि सामान वाहून पाटे चपटे झालेत का?

कोन मोजताना गाडीचं वजन चाकांवरच असू द्या. दोन खांबी लिफ्टवर चेसिस उचलली की अ‍ॅक्सल लोंबकळतो, कोन बदलतात आणि तपासणी दुसऱ्याच गाडीची होते. मोबाइलमधली लेव्हलही पुरते: एकदा गिअरबॉक्सच्या सपाट कडेला, एकदा मागच्या फ्लँजला. दोन आकडे वहीत लिहा. मग दुरुस्ती एका वेळी एकच. आधी रबर आणि यू-बोल्ट, मग पाटे. त्यानंतरही नाक वर राहत असेल, तर पाट्यावर, अ‍ॅक्सलच्या बैठकीखाली, दोन्ही बाजूंना सारखी पातळ पाचर.

पुन्हा त्याच रस्त्यावर जा. चौथा गिअर, तिसरा, न्यूट्रल. एकदा रिकामी गाडी, एकदा मागे माणसं बसवून, कारण पाटे दबले की कोन पुन्हा हलतो. ओढताना थरथर गेली आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये घाट उतरताना ती आली, तर पाचर जाड झाली आहे. अर्ध्या जाडीची घाला आणि हीच फेरी परत मारा.